तुरुंगातून सुटलेली माणसंच इतर सुटलेल्यांना उभं करतात, असं खरंच कुठे होतं का?

हो, होतं. सॅन फ्रान्सिस्कोची डिलन्सी स्ट्रीट फाउंडेशन ही निवासी संस्था बघा. स्वतः तुरुंगवास भोगलेल्या जॉन माहेर यांनी ती १९७१ मध्ये सुरू केली आणि मिमी सिल्बर्ट यांनी वाढवली. येणाऱ्याला किमान दोन वर्षं राहावं लागतं. मारहाण, धमकी, नशा यांना सक्त मनाई.

तिथे पगारी तज्ज्ञांचा ताफा नाही. आधी आलेला नंतर आलेल्याला शिकवतो. थोडंफार वाचता येणारासुद्धा अडखळत वाचणाऱ्याला घेऊन बसतो. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं: वर्षानुवर्षं फक्त हुकूम ऐकलेल्या माणसावर पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी येते.

खर्च भागतो तो मुख्यतः त्यांच्याच धंद्यांतून. त्यांनी रेस्टॉरंट चालवलं, आणि घरसामान हलवायचं काम तर शहरात नावाजलेलं आहे. कधीकाळी चोरी केलेल्या माणसाच्या हाती लोक आपली कपाटं, काचसामान, दागिन्यांचे डबे निर्धास्त सोपवतात! बंदराकाठच्या रस्त्यावरची त्यांची मोठी इमारतही बरीचशी रहिवाशांनीच, बांधकाम शिकत शिकत उभी केली. १९९० च्या सुमारास ती पूर्ण झाली.