मर्जचं बटण दाबण्याआधी

पुल रिक्वेस्टवर, म्हणजे ब्रँचमधले (कोडच्या वेगळ्या शाखेतले) बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याच्या, मर्ज करण्याच्या विनंतीवर, टेस्ट पास झाल्याची हिरवी खूण दिसली म्हणून लगेच मर्ज करू नकोस. ती टेस्ट जुन्या मेनवर (मुख्य ब्रँचवर) चाललेली असू शकते. मधल्या काळात मेनमध्ये एखाद्या फंक्शनचं नाव बदललं आणि या ब्रँचमध्ये जुन्याच नावाने नवा कॉल असला, तर ओळी वेगळ्या असल्याने गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, दिसत नाही. बिल्ड मात्र फेल होतो. ब्रँचमध्ये ताजा मेन घे, टेस्ट पुन्हा चालव.

मर्ज कमिट (मर्जची गिटमधली नोंद) मागे घ्यायचा तर रिव्हर्टला, म्हणजे बदल उलटवणाऱ्या कमांडला, ‘-एम १’ (-m 1, म्हणजे मेनची बाजू कायम ठेव) द्यावं लागतं. आणि हे नीट लक्षात ठेव: असं रिव्हर्ट केल्यावर तीच ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केलीस, तरी जुने बदल परत येत नाहीत, कारण गिटच्या लेखी ते कमिट आधीच आलेले आहेत. आधी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट कर.