मतलई वाऱ्याची वेळ

प्रश्न : ताई, मी अडीच वर्षांपासून सर्फिंग करतो. नोकरी सांभाळून आठवड्यातून दोनदा पाण्यात उतरणं जमतं. पण समुद्राला चांगली लाट असते तेव्हा नेमकं माझं काहीतरी अडलेलं असतं, आणि मी मोकळा असतो तेव्हा पाणी सपाट. गेल्या महिन्यात वर्षातली सर्वांत सुंदर सकाळ अशीच हातची गेली. तुमचा दिवस कसा असतो? संधी निसटू नये म्हणून तुम्ही नेमकं काय करता?

उत्तर : तुमचं दुःख मला कळतं, कारण माझीही अशी एक सकाळ गेली आहे. बारा वर्षं झाली, अजून डोळ्यांपुढे आहे. अंधारात किनाऱ्यावर पोहोचले होते. लाटा खांद्याच्या वर, वारा जमिनीकडून, पाण्यावर एक सुरकुती नाही. आणि लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारा पट्टा, ज्या दोरीने बोर्डाला अडकवतात ती दोरी हातात तुटून आली. बोटभर दोरी! आदल्या आठवड्यात ती झिजलेली मी पाहिली होती आणि ‘बदलू पुढच्या वेळी’ म्हणून सोडून दिली होती. पाण्यात गर्दी होती. लीशशिवाय उतरायचं म्हणजे सुटलेला बोर्ड कुणाच्या तरी डोक्यात बसायचा. वाळूत बसून दुसऱ्यांच्या लाटा पाहत राहिले. तासाभरात वारा फिरला आणि सगळं विस्कटलं.

तेव्हापासून माझा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो. दोरी ओढून पाहते. फिनचे, म्हणजे बोर्डाखालच्या पात्यांचे, स्क्रू चावीने आवळते. बोर्डावरून अंगठा फिरवत जाते. कुठे बारीक चीर लागली तर आधी तो भाग पूर्ण वाळू देते, मग उन्हात घट्ट होणारं रेझिन लावून पॉलिशपेपरने घासते. चिरेतून आत पाणी मुरलं की बोर्ड जड होतो आणि आतून कुजायला लागतो. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावलेलं वॅक्स जुनं, गुळगुळीत झालं की ते खरवडून नवं चढवते. वॅक्स पाण्याच्या तापमानानुसार निवडावं लागतं: कोमट पाण्यासाठी बनवलेलं थंड पाण्यात दगडासारखं होतं, पाय धरत नाही; उलट केलं तर ते वितळून पोटाला चिकटतं. पिशवीत जास्तीची दोरी, एक फिन आणि चावी कायम असते. नवाच्या सुमारास झोपते. रात्रीचे बरेच कार्यक्रम त्यापायी सुटले, त्याची मला खंत नाही.

पावणेपाचला उठते. कारण शाळेत शिकलेलंच आहे: रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हाच मतलई वारा लाटेला समोरून थोपवून धरतो, तिचा चेहरा, म्हणजे पुढची उभी बाजू, गुळगुळीत ठेवतो. ऊन तापलं की खारे वारे सुटतात आणि लाटा आधीच कोसळू लागतात. लगेच उडी मारत नाही. दहा मिनिटं उभी राहून बघते: लाटांचे संच किती वेळाने येतात, पाण्याची ओढ कुठून समुद्रात आत चालली आहे, लाट नेमकी कुठे फुटते आहे. समुद्र माझ्या ताकदीपलीकडचा वाटला तर परत फिरते. एवढी सगळी तयारी करून माघारी येणं जड जातं, पण येते.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे. चांगली लाट अचानक येते असं तुम्हाला वाटतं, ते तसं नाही. अंदाज पाहताना नुसती उंची पाहू नका, दोन लाटांमधले सेकंद पाहा. आठ सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याने उठवलेली, दमलेली असते. सोळा सेकंदांची लाट दूरच्या वादळातून आलेली असते आणि तिच्यात खोलवर जोर असतो. अशा लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने सरकतो. म्हणजे २,००० किलोमीटरवरचं वादळ तुमच्या किनाऱ्यावर लाटा पोहोचवायला जवळजवळ दोन दिवस घेतं. वॉल्टर मंक या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटांचा माग थेट अलास्कापर्यंत काढला होता! हे दोन दिवस तुमचे आहेत. त्यात वरिष्ठांशी बोला, एखादं काम आधी उरका, घरी सांगून ठेवा. भरतीचंही तसंच. ती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. तुमची जागा अर्ध्या भरतीला चांगली चालत असेल, तर अर्धी भरती आणि पहाट एकत्र येतात त्या तारखांवर महिनाभर आधीच खुणा करून ठेवता येतात. मी करते.

आणि वाईट दिवशीही जा, हे मी हट्टाने सांगेन. एका लाटेवर आपण उभे असतो दहा-पंधरा सेकंद. तासाभरात सगळं मिळून काही मिनिटं. बाकी वेळ हात मारणं आणि वाट पाहणं. खांद्यात दम नसेल तर वर्षातली सर्वोत्तम लाट पायाखालून निघून जाते. समुद्र सपाट असेल तेव्हा मी चाळीस मिनिटं बोर्डावर पालथं पडून नुसते हात मारते, आणि घरी जमिनीवर वीस वेळा पालथं पडून एका झटक्यात उभी राहते.

हवाईच्या वाइमिया बे इथे एडी ऐकाऊ या जीवरक्षकाच्या स्मरणार्थ एक स्पर्धा भरते. लाटांचे चेहरे ४० फुटांपर्यंत उठले तरच. म्हणून फेब्रुवारी २०१६ नंतर ती थेट जानेवारी २०२३ मध्ये झाली. जिंकले ल्यूक शेपर्डसन. ते त्या दिवशी तिथे जीवरक्षकाच्या ड्युटीवर होते आणि कामातल्या सुट्टीत येऊन लाटा घेऊन गेले. लोक त्याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. सात वर्षं जी स्पर्धा झालीच नाही, तिच्यासाठी त्या माणसाचं शरीर त्या सकाळी तयार होतं.

प्रश्न : दुसरा बोर्ड घ्यावा का? एक मोडला तर पंचाईत होईल अशी भीती वाटते.

उत्तर : भीती खोटी नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत इतालो फेरेरा यांचा बोर्ड पहिल्याच लाटेवर मोडला. दुसरा हाताशी होता, तो घेऊन त्यांनी सुवर्ण जिंकलं. पण आठवड्यातून दोनदा उतरणाऱ्याला बोर्ड मोडण्यापेक्षा दोरी आणि फिन दगा देण्याचीच शक्यता जास्त, म्हणून आधी त्या घ्या. बोर्ड घ्यायचाच असेल तर पहिल्यासारखा दुसरा नको. लांब, रुंद, जाड घ्या, म्हणजे गुडघाभर लाटेच्या दिवशीही पाण्यात उतरता येईल.