पाडव्याच्या ऑफरला जुनी गाडी देऊ का, असं विचारलंस म्हणून

अरे, तुझा मेसेज रात्री साडेअकराला आलेला, मी सकाळी दूधवाल्याची वाट बघत बसले होते तेव्हा वाचला आणि मग शोरूमने दिलेल्या नव्या ट्रकच्या कोटेशनचा फोटो मोठा करून करून डोळे दुखायला लागले. हे फोनवर व्हायचं नाही, तू गाडी चालवता चालवता हो काकू हो काकू करतोस आणि मागे हॉर्न वाजत असतात. म्हणून लिहून पाठवतेय, गाडी बाजूला लावून वाच.

मी आयुष्यात ट्रकचं स्टेअरिंग धरलेलं नाही हे तुला माहितीय. पण आमच्या ह्यांच्या गाड्यांची वही बावीस वर्षं मीच लिहिली, तुझे वडील आमच्याकडे होते तेव्हाचा त्यांचा भत्ता, डिझेल, टोल, पंक्चर सगळं माझ्याच अक्षरात आहे. तेव्हा मी सांगणार ते वहीतलं. इंजिनाचं काय ते तुझं तू बघ.

तुझ्या कोटेशनवर लाल पेनाने गोल केलेत ते दोन आकडे, कॅश डिस्काउंट ७० हजार आणि एक्स्चेंज बोनस ५० हजार. आणि खाली कोपऱ्यात, गोल न करता, तुझ्या गाडीची किंमत लिहिलीय ७ लाख १० हजार. मी काल आडगावच्या ट्रक टर्मिनलला ह्यांच्या ओळखीच्या दोघांना फोन केला, २०१८ची सहा टायर, बीएस फोर (धुराच्या नियमाचा जुना टप्पा), एकच मालक, बॉडी चांगली, कर्ज फिटलेलं, काय जाईल म्हणून. एक म्हणाला पावणेनऊ, दुसरा म्हणाला बघून सांगतो पण साडेआठच्या खाली नको देऊ देत पोराला. आता तूच मांड. ७० हजार कॅश डिस्काउंट तर तुला जुनी गाडी न देतासुद्धा मिळतो (मिळतो का ते विचार, बहुतेक मिळतो), म्हणजे एक्स्चेंजचे म्हणून खरे फक्त ५० हजार. ७ लाख १० अधिक ५०, झाले ७ लाख ६०. बाहेर पावणेनऊ. सव्वा लाखाला दहा हजार कमी एवढे तू त्यांना देतोयस आणि वर पेढे पण तूच वाटणार.

म्हणून तिथे गेलास की पहिला प्रश्न हा विचार, साहेब मी जुनी गाडी देत नाही, नवीन गाडीचा शेवटचा भाव काय. तो लिहून घे. मग चहा पी. मग जुन्या गाडीचं बोलणं काढ. दोन्ही एकत्र बोललास की ते एका खिशातून काढून दुसऱ्यात घालतात आणि आपल्याला वाटतं दोन्हीकडून मिळालं. आणि जीएसटीचं कौतुक सांगायला लागला तर सांग की ट्रकवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला तो सरकारने केला, सगळ्यांनाच केला, तो ह्यांच्या डिस्काउंटमध्ये मोजायचा नाही. उलट नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही थोडा उतरतोच, तो त्यांनी तुझ्या ७ लाख १० मध्ये आधीच उतरवलाय.

गाडी बघायला त्यांचा माणूस आला होता म्हणालास ना, दहा मिनिटात बघून गेला. आमच्याकडे आला होता तोही तसाच. इंजिन चालू ठेवायला लावलं, ऑइलचं झाकण काढून त्यावर तळहात धरला, धूर किती मारतोय बघितला, मग खाली वाकून चेसिसला कुठे वेल्डिंग मारलंय का त्यावर मोबाईलचा टॉर्च फिरवला, स्प्रिंगचे पाटे बघितले, टायरच्या खाचेत नख घालून बघितलं आणि फाळका एकदा आपटला. बास. त्यावर्षी आम्ही क्लच प्लेट बदलली होती, मागचे चार टायर तीनच महिन्यांचे होते, ते त्याने विचारलंच नाही. ह्यांनी सांगितलं तर म्हणाला काका ते सिस्टीममध्ये येत नाही. सिस्टीममध्ये मॉडेल आणि साल येतं. आता एक टायर वीस-बावीस हजाराला आहे, तुझे मला वाटतं दिवाळीनंतरच बदललेत. जो गाडी चालवायला घेतो त्याला त्या टायरची किंमत कळते, जो कागदावर घेतो त्याला नाही, आणि शोरूमवाला पुढे दलालाला कागदावरच विकणार असतो.

बरं, हे झालं जुनीचं. पण तुझा खरा प्रश्न हा नाहीच, तुला नवी गाडी पाहिजे आणि तुला कुणीतरी हो म्हणायला पाहिजे. तुझं वय आहे, एसी कॅबिन आहे, मला समजतं. माझी हरकत हप्त्याला आहे.

२२ लाखाचं कर्ज, पाच वर्षं, साडेदहा टक्के धरले तर हप्ता ४७ हजाराच्या थोडा वर बसतो. (फायनान्सवाला सहा टक्के म्हणाला असेल तर तो फ्लॅट सांगतोय, म्हणजे फेडत गेलास तरी पाचही वर्षं पूर्ण रकमेवर व्याज, ते आपल्या बँकेच्या भाषेत पावणेअकराच्या पुढे जातात, फसू नकोस.) आता तो सगळा डिस्काउंट, ७० आणि ५०, कर्जातून कमी झाला असं धर, तर हप्ता कमी होतो साधारण अडीच हजाराने. म्हणजे मार्च एन्ड, पाडवा, फुगे, रांगोळी, आज बुक केलंत तरच, ह्या सगळ्या घाईची किंमत महिन्याला अडीच हजार आहे. बाकीचे साडेचव्वेचाळीस तुलाच भरायचेत, ऑफर असो नसो. आणि ते बाराही महिने भरायचेत, काम मात्र बारा महिने सारखं नसतं हे पिंपळगावच्या कांदा मार्केटात उभं राहणाऱ्या माणसाला मी काय सांगू.

माझ्याकडे डिसेंबर २०२३ची पानं आहेत. ८ तारखेला कांद्याची निर्यात बंद झाली, लिलाव बंद पडले, आमच्या तेव्हा दोन गाड्या होत्या, एक फिटलेली आणि एक हप्त्यावरची. फिटलेली गाडी दारात उभी राहिली, ड्रायव्हर गावाला गेला, खर्च म्हणशील तर बॅटरी उतरू नये म्हणून दोन दिवसाआड चालू करायची एवढाच. हप्त्याची गाडी उभी करता येईना. मग ह्यांनी मिळेल ते भाडं उचललं, परतीला रिकामी आली तरी जा, डिझेल सुटलं तरी पुरे, असं करून जानेवारीत त्या गाडीने ११ ट्रिपा मारल्या आणि वहीत महिन्याच्या शेवटी ३८०० रुपये शिल्लक, हप्ता जायच्या आधी. बंदी उठली मेच्या ४ तारखेला. तोपर्यंत माझी पाटली सोनाराकडे गेली होती, ती आली परत, पण गेली होती. तुझी गाडी आज फिटलेली आहे म्हणजे तुला भाड्याला नाही म्हणता येतं. ट्रान्सपोर्टवाला दोन हजार कमी देत असेल तर तू ताडपत्री टाकून झोपू शकतोस. नवी घेतलीस की पाच वर्षं ते गेलं.

आता नवी घ्यायचं खरं कारण असू शकतं ते पण सांगते, नाहीतर म्हणशील काकू नुसती घाबरवते. तू दिल्लीला आझादपूर मार्केटला जातोस का अजून? दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस फोर मालगाड्यांना तिथे ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा दिलीय. तुझी अर्धी कमाई दिल्लीची असेल तर विषय वेगळा, मग गाडी बदलावीच लागेल, आणि दिल्लीला जाणारे सगळेच बीएस फोर काढायला बसलेत हे धरून लवकर विकलेली बरी. पण वर्षातून चार ट्रिपा असतील तर दिल्ली सोडून दे, वाशी आहे, सुरत आहे, हैदराबाद आहे. दुसरं म्हणजे आठ वर्षं झाली की दोन वर्षांऐवजी दरवर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), तुझी आता त्यात आली, तो खर्च आणि ते दोन दिवस धरून ठेव. नॅशनल परमिट दोन एक्सलच्या गाडीला बारा वर्षांपर्यंत, म्हणजे तुझ्याकडे २०३० पर्यंत वेळ आहे. तिसरं, ती सिन्नरची कंपनी म्हणते नवी गाडी असेल तर काम देतो. ते पत्रावर दे म्हणावं, महिन्याला किती ट्रिपा आणि पेमेंट किती दिवसात. तोंडी सांगितलेलं काम हप्त्याच्या तारखेला फोन उचलत नाही.

सेल्समन तुला टॅक्स वाचेल, ३१ मार्चच्या आत घेतलीस तर डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, मिळेल असंही म्हणाला असेल. आपण ४४ एई कलमात, म्हणजे गाडीच्या वजनावर अंदाजे उत्पन्न ठरवून टॅक्स भरणारे, १२ टनाच्या वरच्या गाडीला टनाला महिना हजार रुपये उत्पन्न धरून. डेप्रिसिएशन त्यातच धरलेलं असतं, वेगळं काही मिळत नाही. आणि जीएसटी नंबरच नाही तर त्याचं क्रेडिट कुठून येणार. ते बोलणं मोठ्या फ्लीटवाल्यांसाठी आहे, तुला पाहून पण तेच बोलतात.

अजून एक, चेसिसवरचा बनवल्याचा महिना-वर्ष स्वतः वाच. मार्चमध्ये जो एवढा डिस्काउंट देतात त्यातल्या बऱ्याच गाड्या मागच्या वर्षी बनून यार्डात उन्हात उभ्या असतात. विकताना ती मागच्याच सालाची धरतात.

आता जे सांगायला मी खरं तर हे सगळं लिहायला बसले ते. आम्ही ज्यांना जुनी गाडी एक्स्चेंजला दिली, त्यांचं नाव नाही घेत, त्यांनी सह्या घेतल्या, किल्ली घेतली, ह्यांच्या गळ्यात हार घातला. फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे मालकी बदलायचे कागद, त्यावर कोऱ्या सह्या, घेणाऱ्याचं नाव रिकामं. आरसी ह्यांच्याच नावावर राहिली. सहा महिन्यांनी चलनाचा मेसेज आला, ओव्हरलोडचा, आम्ही शोरूमला फोन केला, हो काका करतो काका. चौदा महिन्यांनी दुपारी पोस्टमन आला आणि सही घेऊन पाकीट दिलं, अपघाताच्या दाव्याची नोटीस. गाडी कुणाकडे होती, कोण चालवत होतं, आम्हाला पत्ता नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगून ठेवलंय की आरटीओत ज्याचं नाव तोच मालक. वकील केला, तीन तारखा झाल्या, शेवटी चालवणाऱ्याने इन्शुरन्स चालू ठेवलेला निघाला म्हणून कंपनीवर गेलं, नसता तर आज आमचं घर राहिलं नसतं. ह्यांना त्या वर्षी बीपीची गोळी लागली ती अजून चालू आहे.

तेव्हा शोरूमला दे की बाहेर दे, कोऱ्या कागदावर सही करायची नाही. त्यांच्याकडे जुन्या गाड्यांच्या डीलरचं आरटीओचं अधिकृत पत्र असेल तर फॉर्म २९ सी ऑनलाइन भरायला लाव, गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची नोंद आरटीओत होते. नसेल तर घेणाऱ्याच्या नावावर ट्रान्सफर होईपर्यंत पन्नास हजार तरी अडकवून ठेव, किंवा गाडीच देऊ नको. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून सहीशिक्का घे, फास्टॅग बंद कर, चलनं आहेत का बघ. आणि आरसीवरून फायनान्सचा बोजा उतरवलाय का तुझा? हप्ते संपले म्हणजे बोजा उतरला असं नाही, त्याला फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्याची एनओसी लागते, तू ते केलेलं नसणार, मी तुला ओळखते.

इन्शुरन्सचं पण ऐक, पाच वर्षं क्लेम नाही म्हणजे तुझा ५० टक्के नो क्लेम बोनस आहे, तो तुझा आहे, गाडीचा नाही. गाडी विकली की कंपनीकडून पत्र घे, तीन वर्षांत त्याच प्रकारच्या नव्या गाडीला लावता येतो. थर्ड पार्टीवर नाही लागत, आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो दुसरा भाग असतो त्यावर लागतो. फ्री इन्शुरन्सच्या नादात हे कुणी विचारत नाही, आम्हीही विचारलं नव्हतं.

माझं मत विचारशील तर, दिल्लीचं काम नसेल आणि सिन्नरचं पत्र हातात नसेल तर ह्या पाडव्याला नको. जे ४७ हजार हप्त्याला भरायचे ठरवलेस त्यातले ३० हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकून बघ, दिवाळीपर्यंत. टाकता आले तर दोन लाखाच्या वर डाऊन पेमेंट जमेल आणि हप्ता झेपतो की नाही तेही कळेल. जून-जुलैत नाही टाकता आले तर ते पण तुलाच कळेल, कुणाला सांगायला नको. डिस्काउंट दसऱ्याला असतो, दिवाळीला असतो, डिसेंबरला असतो.

आणि घ्यायचीच असेल, पत्र मिळालं असेल, तर जुनी बाहेर विकायचा प्रयत्न महिनाभर कर. टोकन देऊन गायब होणारे, बाकीचे ट्रान्सफर झाल्यावर म्हणणारे, सगळे भेटतील, त्याचा ताप आहे. म्हणून शोरूमवाला बाहेरच्यापेक्षा पन्नास-साठ हजारच कमी देत असेल तर देऊन टाक, तेवढा मनस्ताप वाचतो. सव्वा लाखाला नको.

रविवारी ये. येताना कोटेशनचा मूळ कागद आण, फोटो नको, फोटोत खालची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. आरसी, पॉलिसी आणि गेल्या बारा महिन्यांची तुझी डायरी पण आण, नसेल लिहिली तर फास्टॅगचं स्टेटमेंट काढून आण, त्यावरून ट्रिपा मोजता येतात. दुपारी बाराच्या आत ये, नंतर हे झोपतात, आणि गाडीचा विषय निघाला की त्यांना उठवायला लागतं.

तुझी काकू