वाचकांचे प्रश्न : पुळणीवर होडी ओढायला गोल्फ कार्ट

प्रश्न : हॉटेलातून निघालेली ४८ व्होल्टची जुनी गोल्फ कार्ट स्वस्तात मिळते आहे. आमची फायबरची होडी इंजिनासकट ३५० किलो आणि ट्रॉली ८० किलो आहे. होडी रोज उतरवायला आणि वर ओढायला कार्टला मोठी मोटर बसवावी का?
— एक वाचक, सासष्टी (गोवा)

उत्तर : मोटर बदलू नका. कमी पडते ती चाकांची पकड. सुक्या, मऊ रेतीत ४३० किलोची ट्रॉली हलवायलाच साधारण १०० ते ११० किलोचा जोर लागतो. चालकासह सव्वापाचशे किलोच्या कार्टला स्वतः पुढे सरकायला आणखी १००, आणि दहाला एक असा चढ असेल तर त्याचे ९५. झाले ३०० च्या वर. मागच्या आसावर वजन जेमतेम ३१० किलो, आणि रेतीत त्याच्या निम्मी पकड मिळाली तरी पुष्कळ. चाके जागीच फिरतात, खड्डा पडतो, आस रेतीला टेकतो. मोटर मोठी असेल तर हेच लवकर होते.

पैसे चाकांवर घाला. ट्रॉलीला फुगीर बलून चाके लावून हवा २ ते ४ पीएसआय ठेवा. कार्टला २० इंच उंच, १० इंच रुंद, उथळ नक्षीचे टायर घाला. खोल दातांचे टायर रेती उपसतात. हवा ८ ते १० पीएसआय. त्याखाली गेलात तर वळताना टायर रिममधून सुटतो. २२-२३ इंची टायर दिसायला दणकट, पण मूळच्या १८ इंचीच्या तुलनेत जोर पाचव्या हिश्शाने घटतो आणि मोटर जास्त करंट खाते.

दुसरी गोष्ट वेळेची. सुकतीला (ओहोटीला) उघडी पडलेली ओली, घट्ट रेती वापरा. तिथे चढ वीसाला एक इतका सौम्य असेल, तर या चाकांनिशी सगळा जोर १५० किलोच्या आत येतो आणि कार्ट ओढून नेते. वरच्या मऊ रेतीच्या उंचवट्यावर मात्र कार्टचा हट्ट धरू नका. तिथे वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) आणि एक कप्पी लावा. कप्पीने जोर निम्म्यावर येतो, दोर दुप्पट लागतो.

कार्ट पाण्यापर्यंत नेऊच नका. उतरवताना शेवटचे दहा-बारा मीटर ट्रॉली हातांनी ढकला, उतार मदतीला असतोच. वर काढताना १५ मीटरचा पॉलिस्टरचा दोर कार्टच्या मागच्या हुकाला बांधा. नायलॉनचा नको: तो ताणतो आणि तुटला तर माणसावर उलटतो. चाक अडले की पेडल लगेच सोडा. थांबलेल्या मोटरमधून करंट वाहत राहिला तर कॉम्युटेटर (फिरत्या भागाला वीज देणारे तांब्याचे कडे) एकाच जागी जळतो. रुतलेली कार्ट दुसऱ्या गाडीने ओढण्याआधी सीटखालचा स्विच ‘टो’वर करा, नाहीतर मोटरची वीज सांभाळणारा कंट्रोलर जळतो.

प्रश्न : लेड-अ‍ॅसिड काढून लिथियम बॅटरी घालावी का? खाऱ्या हवेत वायरिंग टिकेल का?

उत्तर : या कामाला लेड-अ‍ॅसिडच बरी. आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांचे सुमारे १७० किलो वजन मागच्या चाकांना रेतीत दाबून धरते. लिथियम घालायचीच असेल तर आधी तिच्या बीएमएसची (बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटची) मर्यादा वाचा. १०० अँपिअरची असेल तर चढावर कार्टने त्याच्या दुप्पट-तिप्पट मागितले की ती वीज तोडते आणि होडी लाटांच्या तोंडी अडकते.

केबल ३५ चौरस मिलिमीटरची, कथिल चढवलेली घ्या. केबलच्या टोकाच्या लगवर (धातूच्या जोडावर) आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा. दर फेरीनंतर खालून साध्या नळाच्या गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने सीलमधून खारे पाणी आत शिरते. मागचे ब्रेक ड्रम महिन्याला उघडून रेती काढा. हँडब्रेकची केबल सगळ्यांत आधी गंजून अडकते, तिकडे विशेष लक्ष ठेवा.

प्रश्न : बॅटरीवरची गाडी पुळणीवर चालते ना?

उत्तर : नाही. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्याला बंदी आहे आणि बॅटरीवरची गाडीही वाहनच. पोलीस गुन्हा नोंदवून गाडी ताब्यात घेतात. कार्टवर एक रुपया खर्चण्याआधी पर्यटन खाते आणि किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे लेखी विचारा. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे तर विचारूही नका. ऑलिव्ह रिडले कासवे तिथे अंडी घालतात आणि चाकोऱ्यांत अडकलेली पिल्ले समुद्रापर्यंत पोचत नाहीत.