फोड आलेल्या फायबर बोटीला रंगाआधी नवतपा दाखवा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४ फुटी जुनी फायबरची बोट स्वस्तात मिळाली, बुडावर वाटाण्याएवढे फोड आहेत, पुढच्या बाजूला वीतभर तडा आहे, हात फिरवला की रंगाची पांढरी पूड हाताला लागते. लांबी (पुट्टी) भरून, दोन हात रंग मारून दिवाळीनंतर रामटेकजवळच्या खिंडसी तलावात उतरवता येईल का?

दिवाळीनंतर काम सुरू होईल, उतरवायला जानेवारी उजाडेल. आणि लांबीचं नाव तूर्त काढू नका. मी नेमकं तेच केलं होतं. गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगला वापरतात ती लांबी भरली, घासली, वरून ऑइल पेंट. बोट आरशासारखी दिसायची. एका हंगामात बुडाचे पापुद्रे सुटले आणि खाली जुन्यापेक्षा जास्त फोड. त्या लांबीत टाल्कची पूड असते, ती पाणी पिते. पाण्याच्या रेषेखाली ती चालत नाही.

आधी फोड म्हणजे काय ते बघा. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, पूर्ण जलरोधक नसतो. वर्षानुवर्षं पाणी त्यातून झिरपतं, आतल्या रेझिनमधली (काचेचे तंतू धरून ठेवणाऱ्या राळेतली) काही द्रव्यं त्यात विरघळतात, आणि तो आंबट काढा मग आणखी पाणी ओढून घेतो. म्हणून जेलकोट फुगतो. आपलं पाणी गोडं आहे म्हणून निश्चिंत राहू नका, गोड्या पाण्यात हा त्रास खाऱ्यापेक्षा जास्त होतो. चष्मा घालून एक फोड टोकदार हत्याराने फोडून बघा. माझ्या पहिल्या फोडातून पिचकारी उडाली, व्हिनेगरसारखा वास आला आणि ते पाणी बोटांत चिकट लागलं. तसंच झालं तर तुमचं बूड ओलं आहे, आणि ओल्या बुडावर मारलेला रंग कितीही महाग असो, तो राहणार नाही.

आता नागपूरचा फायदा. परदेशात लोक बूड वाळवायला हीटर आणि तंबू लावतात, आपल्याकडे नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, फुकट आहे. सगळे फोड ग्राइंडरने उघडा, बशीसारखे उथळ करा, गोड्या पाण्याने दोन-चारदा खसखसून धुवा आणि बोट एप्रिल-मे पालथी ठेवून द्या. फक्त दोन गोष्टी सांभाळा. आत पाय ठेवतो त्या तळाखालची पोकळी उघडी ठेवा, कारण जुन्या बोटींत तिथे फोम भरलेला असतो आणि तो स्पंजासारखा पाणी धरून बसतो. आणि बोट दोन विटांवर टेकवू नका. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात गडद रंगाचं फायबर इतकं तापतं की नरम पडून वाकतं. जुने टायर सारख्या अंतरावर ठेवून त्यावर टेकवा. वाळली की नाही ते कळायला उघड्या फायबरवर हातभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दिवसभर उन्हात राहू द्या. आतून घाम आला तर आणखी वाळवा.

मग लगेच मे महिन्यातच फायबर चढवायचं ना? नाही. इथेच बहुतेकांचं फसतं. चाळिशीच्या वर रेझिन मगमध्येच जेली होतं, आणि हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव्य) फार कमी केला तर ते कधीच नीट कडक होत नाही. पावसाळ्यात हवेत ओल असते, म्हणून तेही नको. बोट पत्र्याच्या शेडखाली कोरडी ठेवा आणि नोव्हेंबरची वाट बघा. थंडीत सकाळी दहा-साडेदहा ते दुपारी तीन ही कामाची वेळ. सकाळी दहिवर पडलेलं असतं, थांबा.

तड्याचं काम. हातोडीच्या दांड्याने आजूबाजूला ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तिथले थर सुटलेत, तेवढं सगळं काढावं लागेल. तड्याच्या दोन्ही बाजूंना उतार घासायचा, जाडीच्या बारापट. बूड ५ मिलिमीटर जाड असेल तर दोन्हीकडे ६ सेंटिमीटर. एवढं मोठं कशाला असं वाटेल, पण जोड चिकटून राहतो तो या उतारामुळे. घासण्याआधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर जुनं मेण पॉलिश पेपरने आतच रगडलं जातं.

माल कोणता? मी इपॉक्सी रेझिन वापरा म्हणेन, जुन्या फायबरला ते पॉलिएस्टर रेझिनपेक्षा घट्ट धरतं. मात्र सुट्या तंतूंची मॅट घेऊ नका, विणलेलं कापड घ्या. नेहमीच्या मॅटमधला बांधणीचा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट नीट भिजत नाही. मोठा तुकडा आधी, वर लहान लहान, म्हणजे शेवटी सपाट घासताना मोठ्या तुकड्याचे धागे कापले जात नाहीत. इपॉक्सीच्या हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, वजन करून. लवकर वाळावं म्हणून जास्त टाकलं तर ते चिवटच राहतं. कालवलेला माल मगात ठेवू नका, पसरट ताटात ओता. माझा मग एकदा धूर सोडायला लागला होता, अंगणात फेकावा लागला.

कूलरच्या बॉडी आणि टाक्या बनवणारे कारागीर पॉलिएस्टरवरच काम करतात, त्यांच्याकडून करून घेणार असाल तर काम होईल, फक्त हार्डनर अंदाजाने ओतू देऊ नका. तुम्हीच करणार असाल तर नीट ऐका: जांभळी बाटली कोबाल्टची (पॉलिएस्टर लवकर आवळावं म्हणून घालतात ते), पाण्यासारखी दिसणारी हार्डनरची. या दोन्ही थेट एकमेकींत कधीच ओतायच्या नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. आणि एकदा इपॉक्सी लावलं की त्यावर जेलकोटचा हट्ट सोडा, तो नीट धरत नाही. तुम्हाला रंगच मारायचा आहे, म्हणून अडचण नाही.

फोडांचे खड्डे इपॉक्सीत सिलिका पावडर कालवून भरा. वाळल्यावर पृष्ठभागावर मेणचट थर येतो, तो आधी पाणी आणि भांडी घासायच्या चोथ्याने धुवायचा, नंतर घासायचं. पॉलिश पेपर ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०. प्रायमर इपॉक्सीचाच, वरचा रंग दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन). स्प्रे मारू नका. त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेट्स फुप्फुसाला वाईट असतात, कापडी मास्क काही कामाचा नाही. सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज असलेला मास्क घालून उघड्यावर रोलर फिरवा आणि लगोलग मऊ ब्रशची टोकं फिरवून बुडबुडे मोडा. रंग पांढरा किंवा फिका. काळी-निळी बोट दिसते झकास, पण आपल्या उन्हात तिचं काय होतं ते वर सांगितलंय.

शेवाळ-शिंपले रोखणारा तांब्याचा रंग विचारलात. समुद्रात वर्षभर उभ्या असणाऱ्या बोटींना लागतो तो. तुम्ही प्रत्येक फेरीनंतर ट्रेलरवर चढवणार, तुम्हाला काहून पाहिजे? ते विष तलावात सोडायचं आणि वर पैसे द्यायचे!

पण हे सगळं करण्याआधी मागची फळी तपासा, इंजिन टांगतात ती. आत प्लाय असतो. इंजिनच्या बोल्टांजवळ आतल्या बाजूने ३ मिलिमीटरचं छिद्र पाडा. भुसा कोरडा आणि फिकट आला तर ठीक. काळा, ओला, कुजका वास असलेला आला तर ती फळी आख्खी काढून नवी बसवावी लागेल, आणि तो खर्च बोटीच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो. भुसा कसा आला तो फोटो टाका, मग बोलू.