तारकर्लीतल्या होमस्टेच्या वेबसाइटसाठी हजार बॅकलिंकचं पॅकेज विकत घ्यावं का?

नका घेऊ. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक. गूगलच्या नियमांत रँकिंगसाठी, म्हणजे शोधनिकालात वर दिसण्यासाठी, पैसे देऊन लिंक घेणं हे स्पॅम धरलं जातं. गूगलने २०१२ मध्ये शोधपद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' या बदलानंतर तर अशा लिंकांमुळे कित्येक साइट एकदम खाली गेल्या. आता गूगल बहुतेक वेळा त्या मोजतच नाही, म्हणजे पैसे समुद्रात. जाहिरात म्हणून लिंक घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण तिच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' हा टॅग लावायला सांगा.

लिंक मिळते ती उपयोगी मजकुराला. 'आमच्याकडे घरगुती मालवणी जेवण' या पानाला कोण कशाला लिंक देईल? त्याऐवजी कुडाळ स्टेशनवरून तारकर्लीला कसं यायचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या मालवणच्या कुठल्या जेटीवरून सुटतात, पावसाळ्यात त्या बंद असतात तेव्हा काय बघायचं, हे नीट, स्वतःच्या फोटोंसह लिहा. २०२५ मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, त्यामुळे ही माहिती शोधणारेही भरपूर. मग ओळखीचे स्कूबावाले, कोकणावर लिहिणारे ब्लॉगर, तुमच्याकडे राहून गेलेले ट्रेकिंग ग्रुप यांना ते पान दाखवा. अशा दहा लिंक मला त्या हजारांपेक्षा मोलाच्या वाटतात.

तुम्हाला लिंक देणाऱ्या साइट सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात फुकट दिसतात. आणि गूगल मॅपवरचं प्रोफाइल आधी पूर्ण करा. राहायची जागा शोधणारा पर्यटक बऱ्याचदा तिथूनच येतो.