वाचक विचारतात : प्रतिकृतीची गाडी कोणाकडून बांधून घ्यावी?

प्रश्न : माझे वय ५४ असून देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. तरुणपणी पोर्शे ३५६ स्पीडस्टरचे छायाचित्र पाहिले, तेव्हापासून तशी बुटकी, उघडी, दोन आसनी गाडी दारात असावी अशी इच्छा आहे. मूळ गाडी आवाक्याबाहेरची असल्याने प्रतिकृती बांधून घ्यायची आहे. दोघांशी बोलणे झाले. पहिला घाटावरचा, सहा महिन्यांत गाडी देतो, साठ टक्के रक्कम आगाऊ मागतो आणि ‘आरटीओचे सगळे मी बघतो’ असे सांगतो. दुसरा पुण्याजवळचा, अठरा महिने मागतो, पैसे टप्प्याटप्प्याने घेतो, मात्र नोंदणीची जबाबदारी ग्राहकाची असे लिहून देतो. दोघांच्याही नव्या गाड्या पाहिल्या, दोन्ही देखण्या आहेत. कोणाची निवड करावी? — एक वाचक, देवगड

उत्तर : आपण दोघांच्याही नव्या गाड्या पाहिल्या, जुनी मात्र एकही पाहिली नाही, आणि या कामात निवड चुकते ती बहुधा इथेच. नुकतीच रंगवून बाहेर काढलेली गाडी कोणाचीही देखणीच असते. तेव्हा दोघांकडेही एकच मागणी करावी : त्याच्या हातची, चार-पाच पावसाळे काढलेली एखादी गाडी आणि तिच्या मालकाची भेट. ती गाडी कोकणपट्टीतली, गोव्यातली किंवा मुंबईतली असेल तर उत्तम, कारण पुण्याच्या कोरड्या हवेत पाच वर्षे टिकलेले वेल्डिंग देवगडच्या खाऱ्या वाऱ्यात किती टिकेल, याचा अंदाज पुण्यात येत नाही. अशी गाडी दाखवू न शकणारा मनुष्य प्रामाणिकही असू शकेल. परंतु त्याची पहिली परीक्षा आपल्या पैशांनी का व्हावी?

आता कागदांकडे वळू, कारण ‘आरटीओचे सगळे मी बघतो’ या वाक्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका पुन्हा स्पष्ट केली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे. येथे ‘मालकाला’ हा शब्द लक्षात घ्यावा. गाडी बांधणारा तोवर आपले उरलेले पैसे घेऊन मोकळा झालेला असतो.

जुन्या वळणाची गाडी म्हणून ‘विंटेज’ नोंदणी मिळेल, असेही काही ठिकाणी सांगितले जाते. ते खरे नाही. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची ती नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी आहे. गेल्या वर्षी साच्यातून काढलेली बॉडी तीत बसत नाही. खरा सरळ मार्ग म्हणजे बांधणाऱ्याने स्वतः उत्पादक म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे आपल्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून मान्य करून घेणे. हा मार्ग खर्चाचा आहे, आणि लहान गॅरेजवाला तो क्वचितच धरतो.

म्हणून दोघांकडेही त्यांनी पूर्वी दिलेल्या दोन-तीन गाड्यांच्या आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) प्रती मागाव्यात आणि त्या समोर धरून गाडी पाहावी. उत्पादकाचे नाव, बॉडीचा प्रकार, रंग, आसनसंख्या, इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक हे सगळे समोरच्या गाडीशी जुळते का? आरसीवर मारुती जिप्सी आणि दारात स्पीडस्टर असेल, तर ती कागदोपत्री जिप्सीच आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येईल तेव्हा स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईवर पाणी सोडावे लागण्याची शक्यता मोठी आहे. चासी क्रमांक ज्या तुकड्यावर ठोकलेला आहे, तो तुकडा कापून दुसरीकडे जोडलेला दिसला, तर चहासुद्धा न घेता तिथून उठावे.

कागदांनंतर सांगाडा. स्पीडस्टर १९५४ साली आली आणि तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २१०० मि.मी. होता, तर जिच्या तळपट्ट्यावर जगभर तिच्या प्रतिकृती बांधल्या जातात त्या फोक्सवॅगन बीटलचा २४०० मि.मी. आहे. प्रमाण हुबेहूब हवे असेल तर तळपट्टा मधून ३०० मि.मी. कापून पुन्हा जोडावा लागतो, आणि गाडीचा जीव त्या एका जोडात असतो. आपल्याकडे कागदांसह बीटल मिळणे कठीण, म्हणून जिप्सीसारख्या वेगळी चासी असलेल्या गाडीचा पर्याय पुढे केला जातो. ते बांधकाम म्हणून भक्कम असते. परंतु इंजिन पुढे, बैठक उंच, त्यामुळे लग्नाच्या वरातीत दिसणाऱ्या ‘विंटेज’ गाड्यांप्रमाणे ती काहीशी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसते. आपल्या मनातली गाडी बुटकी आहे, हे विसरू नये. याउलट मारुती ८००, पद्मिनी किंवा अँबॅसडर यांना वेगळी चासीच नाही. त्यांची बॉडी हाच सांगाडा असतो, आणि छत कापले की त्याची ताकद जाते. यासाठी एक साधी परीक्षा आहे. उभ्या गाडीच्या एका बाजूला जॅक लावून चाक जमिनीपासून चार बोटे उचलावे आणि त्या बाजूचा दरवाजा उघडून लावून पाहावा. दरवाजा पूर्वीसारखाच लागला तर सांगाडा ताठ आहे. तो कुठे अडकला किंवा वरची फट वाढली, तर अणुस्कुरा घाटातील वळणांवर ही गाडी पिळवटत जाणार. ही परीक्षा करू न देणाऱ्याविषयी वेगळे मत देण्याची गरज नाही.

खाऱ्या हवेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण यात मी स्वतः पोळलो आहे. काही वर्षांपूर्वी मी एका गॅरेजमधून नव्याने बांधलेली उघडी जीप घेतली. खालून सगळीकडे जाड काळा रंग, पाहणाऱ्याला समाधान वाटावे असा. दुसऱ्या पावसाळ्यात रत्नागिरीत असताना मागून किरकिर ऐकू येऊ लागली, म्हणून खाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरने आडव्या पोकळ पट्टीवर टोचले, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत होता; आतून पट्टीचा चुरा झालेला होता. पोकळ नळी आतून गंजते, हे तेव्हा कळले. म्हणून बांधणाऱ्याला विचारावे की नळ्यांच्या आत काय सोडणार, पाणी निघून जाण्यासाठी तळाला भोके ठेवणार का, आणि जोड सर्व बाजूंनी वेल्ड करणार की मधे मधे टाके मारून वर पुटी भरणार. नुसत्या पावडर कोटिंगवर विसंबू नये. खडी उडून एकदा टवका गेला की गंज त्या थराखालून पसरत जातो आणि वरून काहीच दिसत नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी रिव्हेटने थेट चासीवर ठोकलेला असेल तर मिठाच्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये विजेची क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. मध्ये रबराचा किंवा सीलंटचा थर हवा. एवढ्या प्रश्नांची उत्तरे जो न चिडता देतो, त्याने हे काम पूर्वी केलेले असते.

ब्रेकचे थोडक्यात सांगतो. ब्रेकच्या तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर दुहेरी असावा, म्हणजे एका बाजूची नळी फुटली तरी दुसऱ्या बाजूचे ब्रेक राहतील, आणि सीट बेल्टचे बोल्ट फायबरच्या बॉडीत नव्हे, सांगाड्यात बसवलेले असावेत.

पैशांच्या बाबतीत दुसऱ्याची पद्धत बरोबर आहे, पण टप्पे तारखांशी नव्हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या कामाशी बांधावेत. ज्या जुन्या गाडीवर काम व्हायचे ती फॉर्म २९ आणि ३० भरून आधी आपल्या नावावर करून घ्यावी, म्हणजे उद्या गॅरेजला कुलूप लागले तरी निदान ती गाडी आपली राहील. पुढचा हप्ता सांगाडा रंगविण्यापूर्वी तो समक्ष पाहून, त्यापुढचा बॉडी बसल्यावर, आणि चौथाई रक्कम गाडी स्वतः घाटातून खाली आणून कागद जुळल्यावर. करार लेखी आणि बिल जीएसटीचे घ्यावे. वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते, त्यामुळे पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.

दोघांत निवडायचेच झाले तर मी दुसऱ्याकडे जाईन. नोंदणी स्वतःची जबाबदारी नाही असे लिहून देणारा मनुष्य रूक्ष वाटतो खरा, पण अडचण नेमकी कुठे आहे ती त्याने झाकलेली नाही. तरीही त्याला पहिला रुपया देण्यापूर्वी त्याने योजलेल्या बदलांचा तपशील कागदावर घेऊन सिंधुदुर्गच्या आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर लेखीच घ्यावे. नकार आला, तर ही गाडी खासगी आवारापुरतीच राहील. बागेतल्या हापूसच्या कलमांच्या रांगांमधून फिरवण्यासाठी एवढा खर्च करायचा का, हे घरातल्या मंडळींशी बोलून ठरवावे.

प्रश्न : आमचा हर्णैला फायबरच्या होड्या बांधण्याचा कारखाना आहे. माझ्या मुलाला एसी कोब्राची प्रतिकृती हवी आहे. बॉडी आम्हीच ओतून फक्त सांगाडा आणि इंजिनाचे काम बाहेर दिले तर चालेल का? — एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : बॉडी आपण काढू शकाल याविषयी शंका नाही, किंबहुना बाजारातल्या निम्म्या बॉडी बांधणाऱ्यांपेक्षा मॅट आणि रोव्हिंग हे काचतंतूंचे थर आपल्याला अधिक कळत असतील. परंतु होडी आणि गाडी यांत तीन फरक आहेत.

पहिला साच्याचा. मूळ कोब्रा १९६२ साली इंग्लंडच्या एसी एस या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवून कॅरोल शेल्बीने उभी केली, आणि तिची बॉडी ॲल्युमिनियमची होती. प्रतिकृतींचे साचे बहुतेकदा दुसऱ्या प्रतिकृतीवरून घेतलेले असतात आणि प्रत्येक पिढीत धारा बोथट होत जातात. शिवाय १९६५ ची रुंद मडगार्डांची गाडी वेगळी आणि आधीची सडपातळ गाडी वेगळी. साचा कोणत्या गाडीचा आहे हे ठरल्याशिवाय सांगाड्याची मापे देऊ नयेत, कारण दोन वेगळ्या कारखान्यांतली कामे जुळवताना बोटभर फरकसुद्धा चाकाच्या कमानीत उघडा पडतो.

दुसरा फरक उष्णतेचा. होडीचा तळ पाण्याने थंड राहतो. येथे एक्झॉस्ट बॉडीपासून वीतभर अंतरावर असतो आणि साधे पॉलिएस्टर रेझिन तापून मऊ पडते, म्हणून तिथे उष्णतारोधक पत्रा हवा. बिजागऱ्या आणि कुलुपांच्या जागी आत लोखंडी पट्ट्या घालूनच थर चढवावेत.

तिसरा विजेचा, आणि होडीवाल्यांकडूनही तो सुटतो. पत्र्याच्या गाडीत दिव्याची परतीची वीज बॉडीतूनच जाते. फायबर वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला सांगाड्यापर्यंत अर्थची वेगळी तार लागते, आणि खाऱ्या हवेत ती जोडणी गंजली की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटू लागतो. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या, होडीच्या इंजिनाला वापरता तशाच घ्याव्यात.

बाहेरून आलेली बॉडी तपासायची असेल तर आपण होडीवर करता तेच करावे : रुपयाच्या नाण्याने सगळीकडे टकटक करत जावे. आवाज खणखणीत असेल तर थर एकजीव आहेत. बद्द आला तर आत हवा राहिली आहे. कागदांविषयी देवगडच्या वाचकांना लिहिले आहे ते आपल्यालाही लागू आहे, आणि आपण स्वतःच बॉडी केल्यास त्या गाडीचा उत्पादक कोण, हा प्रश्न अधिकच अवघड होईल.

प्रश्न : मालवणात अशी एक गाडी घेऊन पर्यटकांना फिरविण्यासाठी आणि लग्नात छायाचित्रांसाठी भाड्याने देता येईल का? — एक वाचक, मालवण

उत्तर : पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, त्यासाठी वाहतूक वाहन म्हणून नोंदणी, परवाना, फिटनेस आणि वेगळा विमा लागतो, आणि ज्या गाडीची खासगी नोंदणीच अडचणीची, तिला हे सगळे मिळणे त्याहून कठीण. एखाद्या मंगल कार्यालयाच्या अंगणात ती उभी करून छायाचित्रे काढू देण्यास हरकत दिसत नाही. तिथेही तिला प्लास्टिकच्या घट्ट आवरणात बांधून ठेवू नये, खाली दमट हवा कोंडते; चिऱ्याच्या भिंतींची, दोन बाजूंनी वारा खेळेल अशी पडवी पुरेशी आहे.